‘सॅप’: चार गाण्यांच्या तबकडीवर इतकी मतं कशी?

अ‍ॅलिस इन चेन्स या सिअ‍ॅटलच्या बँडच्या चाहत्यांत मोठ्या गोष्टींवर फारसे वाद होत नाहीत. ‘डर्ट’ हा त्यांचा शिखर-अल्बम, लेन स्टेलीसारखा आवाज त्या पिढीत दुसरा नाही आणि जेरी कॅन्ट्रेलला गीतकार म्हणून मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, एवढं बहुतेकजण मान्य करतात. वाद पेटतो तो एका छोट्या गोष्टीवर. १९९२च्या सुरुवातीला, जाहिरातीचा गाजावाजा न करता या बँडनं ‘सॅप’ नावाची ईपी, म्हणजे अल्बमाहून छोटी तबकडी, काढली. चार गाणी, शेवटी यादीत न छापलेलं पाचवं, सगळी मिळून वीस-एकवीस मिनिटं. कुणाच्या लेखी हे दोन अल्बमांच्या मधलं किरकोळ काम आहे, तर कुणाच्या लेखी या बँडचं खरं काळीज इथेच आहे. अनेकांनी तर त्यातली गाणी ऐकलेली असतात, पण ‘सॅप’ ऐकलेली नसते. या शेवटच्या गटात आमच्या वर्धा जिल्ह्यातले रॉक ऐकणारे मोठ्या संख्येनं सापडतील, आणि त्यामागे कारण आहे.

या सगळ्या मतांचा हिशेब मांडून पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. ‘सॅप’बद्दल कोण काय म्हणतो हे त्यातल्या गाण्यांवर जितकं ठरतं, त्याहून अधिक ती गाणी त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेनं आली यावर ठरतं.

तबकडीत आहे काय

आधी पार्श्वभूमी. बँडचा पहिला अल्बम ‘फेसलिफ्ट’ १९९०च्या ऑगस्टमध्ये आला. ‘मॅन इन द बॉक्स’ एमटीव्हीवर गाजलं आणि रेकॉर्ड कंपनीनं त्यांना मेटलच्या श्रोत्यांपुढे उभं केलं. १९९१मध्ये स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स यांच्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ दौऱ्यात सुरुवातीला वाजवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या गर्दीला वेग हवा होता आणि यांची गाणी संथ, जड. लोकांनी त्यांच्यावर वस्तू फेकल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस हा बँड सिअ‍ॅटलजवळच्या लंडन ब्रिज स्टुडिओत निर्माता रिक पराशरबरोबर गेला आणि तिथे त्यांनी बहुतांशी अकूस्टिक गिटारवरची गाणी ध्वनिमुद्रित केली. ढोलकरी शॉन किनीला स्वप्न पडलं होतं की आपण ‘सॅप’ नावाची ईपी काढली आहे. नशिबाच्या आड कशाला यायचं, म्हणून नाव तेच ठेवलं.

‘ब्रदर’मध्ये मुख्य आवाज कॅन्ट्रेलचा आहे आणि साथीला ‘हार्ट’ या बँडची अ‍ॅन विल्सन. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर धाकट्या भावाशी झालेली ताटातूट हा या गाण्याचा विषय. ‘गॉट मी राँग’ नात्यातल्या गैरसमजाबद्दल आहे. ‘राइट टर्न’मध्ये साउंडगार्डनचा क्रिस कॉर्नेल आणि मडहनीचा मार्क आर्म गातात. तबकडीवर या मेळाचं नाव गमतीनं ‘अ‍ॅलिस मडगार्डन’ असं दिलं आहे. ‘अ‍ॅम आय इनसाइड’मध्ये अ‍ॅन विल्सन परत येते. त्यानंतर न सांगता सुरू होतं ‘लव्ह साँग’. त्यात चौघांनी वाद्यं अदलाबदल केली आहेत: गायक स्टेली ड्रम्सवर, गिटारवादक कॅन्ट्रेल बेसवर, बेसवादक माइक स्टार गिटारवर आणि ढोलकरी किनी पियानोवर बसून गातोय. गातोय म्हणजे ओरडतोय.

मतांचे गट

पहिला गट म्हणतो, हे उरलंसुरलं आहे. ‘फेसलिफ्ट’ आणि सप्टेंबर १९९२मध्ये आलेलं ‘डर्ट’ यांच्यामध्ये बँडनं हात मोकळा करून घेतला, एवढंच. चार गाण्यांत कुठलाही मोठा पट उभा राहत नाही आणि पाचवं गाणं म्हणजे स्टुडिओतली टवाळी आहे. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ‘डर्ट’ सलग ऐकताना माणूस खोल ओढला जातो, तसं ‘सॅप’ करत नाही. मात्र वीस मिनिटांच्या ईपीला तासभराच्या अल्बमचा गज लावून ती आखूड भरली, अशी तक्रार करणं न्यायाचं नाही.

दुसरा गट नेमकं उलटं बोलतो. ‘सॅप’ हे बीज आहे. हिच्याशिवाय ‘जार ऑफ फ्लाइज’ झालं नसतं, १९९६चं ‘अनप्लग्ड’ हे मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं नसतं आणि दोन आवाजांची ती ओळखीची, जरा बोचणारी जोडगायकी आकाराला आली नसती. यातही तथ्य आहे, पण दावा ताणलेला आहे. जोडगायकीच्या खुणा ‘फेसलिफ्ट’मध्येच सापडतात. आणि बीजाचा वृक्ष असा सरळ हिशेब लावायचा तर ‘सॅप’नंतर लगेच आलेलं ‘डर्ट’ इतकं वजनदार कसं, याचं उत्तर द्यावं लागेल. ‘सॅप’मध्ये खरोखर नवं काय घडलं असेल तर ते कॅन्ट्रेलचं गाणं. पहिल्या अल्बमात आघाडीला स्टेली होता. इथे पहिल्याच गाण्यात गिटारवादक पुढे येतो आणि मोठा गायक मागे सरकतो. या बँडचं पुढचं सगळं आयुष्य, स्टेली गेल्यानंतरचंसुद्धा, या एका बदलावर उभं आहे. बीजवाल्या गटानं हा मुद्दा सोडून अकूस्टिक गिटारवर इतका जोर का द्यावा, हे मला कळलेलं नाही.

तिसरा गट तुलना करणाऱ्यांचा. ‘सॅप’चं नाव काढलं की हे ‘जार ऑफ फ्लाइज’ समोर ठेवतात. जानेवारी १९९४मध्ये आलेली ती दुसरी ईपी: सात गाणी, अर्ध्या तासाची, अवघ्या आठवड्याभरात लिहून ध्वनिमुद्रित केलेली. बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेली ती पहिली ईपी. असा मान पुन्हा मिळायला २००४ साल उजाडलं, लिंकिन पार्क आणि जे-झी यांच्या ‘कोलिजन कोर्स’ला. धाकटीनं एवढा पराक्रम गाजवल्यावर थोरली झाकोळली गेली. दोन्ही पुढे एकत्र संचातही विकल्या गेल्या, त्यामुळे पुष्कळांच्या मनात ‘सॅप’ ही ‘जार ऑफ फ्लाइज’ची पुरवणी होऊन बसली. गाण्याला गाणं लावून पाहिलं तर ‘जार ऑफ फ्लाइज’ अधिक घडलेलं, अधिक एकसंध आहे, हे मीही मान्य करतो. पण ती ईपी बँडला आपण काय करू शकतो हे ठाऊक झाल्यावरची आहे. ‘सॅप’ त्याआधीची आहे.

चौथा वाद पाहुण्यांवरून. काहींना ‘राइट टर्न’ म्हणजे त्या शहराचा त्या काळातला गट-फोटो वाटतो: तीन बँडांचे चार गायक एका गाण्यात, तेही कुणी कुणावर कुरघोडी न करता. काहींना मात्र कॉर्नेलचा आवाज आला की गाणं हातचं निसटल्यासारखं वाटतं. तो आवाजच असा आहे की पाहुणा म्हणून येतो आणि यजमान होतो. मला यात दोष दिसत नाही. गाणं मुळातच चढत्या क्रमानं बांधलं आहे. कॅन्ट्रेल, स्टेली, आर्म असे थर चढत गेल्यावर शेवटी कळस लागतो. अ‍ॅन विल्सनबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही, हे खटकतं. सत्तरच्या दशकात वर आलेली, याच परिसरातली मोठी गायिका मेटलच्या म्हणवल्या जाणाऱ्या या पोरांबरोबर मागचे सूर धरायला येते. हा सिअ‍ॅटलच्या दोन पिढ्यांमधला दुवा ‘राइट टर्न’इतकाच महत्त्वाचा आहे.

पाचवा वाद ‘लव्ह साँग’चा, आणि तो मिटणारा नाही. चौथं गाणं संपल्यावरची हुरहूर ही टवाळी येऊन मोडते, असं एक मत. दुसरं असं की त्या टवाळीशिवाय ही ईपी खोटी गंभीर वाटली असती. मी दुसऱ्या बाजूला आहे. विशी-पंचविशीतली ही पोरं होती. पुढे त्यांच्यावर जे ओढवलं त्याची सावली आपण मागे नेऊन १९९१वर टाकतो. स्टेली २००२मध्ये गेला, स्टार २०११मध्ये, निर्माता पराशर २०१४मध्ये, कॉर्नेल २०१७मध्ये. आज ‘राइट टर्न’ ऐकणारा माणूस या मरणांच्या यादीसकट ऐकतो आणि प्रत्येक सुरात अपशकुन शोधतो. ‘लव्ह साँग’ त्या शोधात मोडता घालतं, आणि तेच त्याचं काम आहे. ही माणसं त्या वेळी हसत होती, याचा तो पुरावा.

मत येतं कुठून

हे गट वयानुसार किंवा आवडीनुसार पडले आहेत असं वाटेल. पण बारकाईनं पाहिलं तर ते वाटांनुसार पडले आहेत.

१९९२मध्ये ज्यांनी ही तबकडी विकत घेतली, त्यांच्या कानात ‘मॅन इन द बॉक्स’ घुमत होतं. त्यांना ‘सॅप’ एक तर बेइमानी वाटली किंवा उलगडा. दोन वर्षांनी केव्हिन स्मिथचा ‘क्लर्क्स’ हा चित्रपट आला. न्यू जर्सीतल्या एका किराणा दुकानात, सुमारे २७ हजार डॉलरांत, काळ्यापांढऱ्या फिल्मवर काढलेला. त्यात ‘गॉट मी राँग’ वापरलं गेलं आणि ईपी निघून दोन वर्षं उलटल्यावर ते गाणं रेडिओवर चाललं. या वाटेनं आलेल्यांसाठी ‘सॅप’ म्हणजे एका हिट गाण्याचं मूळ घर. मग १९९६चं ‘अनप्लग्ड’. बऱ्याच खंडानंतर बँड लोकांपुढे बसला आणि त्या मैफलीत ‘ब्रदर’ व ‘गॉट मी राँग’ ही दोन्ही गाणी होती. या अल्बमावर वाढलेल्या श्रोत्याला मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना उलट चुकल्यासारखं वाटतं: टाळ्या कुठे गेल्या?

म्हणजे अर्धी ईपी दुसऱ्या ठिकाणी राहायला गेली. उरलेल्या अर्ध्या भागातलं ‘राइट टर्न’ पाहुण्यांमुळे ओळखलं जातं. ‘अ‍ॅम आय इनसाइड’ मात्र जिथल्या तिथे राहिलं, म्हणून ते सर्वांत कमी ऐकलं गेलेलं. ते कमअस्सल आहे म्हणून मागे पडलं असं समजणाऱ्यांनी आधी ही वाटणी पाहावी.

आल्टर्नेटिव्ह रॉकमधल्या बहुतेक ईपींचं असंच झालं आहे. आर.ई.एम.ची १९८२ची ‘क्रॉनिक टाउन’ पुढे ‘डेड लेटर ऑफिस’ या संकलनाच्या सीडीला जोडली गेली आणि कित्येकांना ती त्या संकलनाचं शेपूट म्हणून भेटली. पिक्सीजची १९८७ची ‘कम ऑन पिल्ग्रिम’ सीडीवर ‘सर्फर रोझा’च्या सोबतीला बसली. निर्वाणाची ‘हॉर्मोनिंग’ १९९२मध्ये जपान आणि ऑस्ट्रेलियापुरतीच निघाली, तिच्यातली बरीचशी गाणी वर्ष संपण्याआधी ‘इन्सेस्टिसाइड’मध्ये आली. रेडिओहेडच्या १९९४च्या ‘माय आयर्न लंग’चं शीर्षकगीत पुढच्याच वर्षी ‘द बेंड्स’मध्ये गेलं आणि बाकीची गाणी मागे राहिली. ईपी ही स्वतंत्र कलाकृती म्हणून निघते, पण बाजारात ती दुसऱ्या कशाची तरी भर होऊन टिकते. तिच्यावरचं मत म्हणजे पुष्कळदा त्या दुसऱ्या गोष्टीवरचं मत असतं.

वर्ध्यापर्यंतची वाट

आमच्याकडे हे सगळं आणखी एका गाळणीतून आलं. १९९१मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतात दिसू लागला, १९९४मध्ये चॅनल व्ही आला. केबल पोहोचेल तिथे सिअ‍ॅटल पोहोचलं. पण पडद्यावर गाणं दिसतं, ईपी दिसत नाही. मुंबईत मैफलींसाठी रंगभवन होतं, १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव होता, रॉक मशीनचा १९९३मध्ये इंडस क्रीड झालेला बँड होता, थोड्याच काळात पेंटाग्राम उभा राहिला. अलाहाबादहून १९९३पासून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघत होतं. वर्ध्याच्या माणसाला यातलं बहुतेक सगळं लांबचंच होतं. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर, पण तिथल्याही दुकानांत मोठ्या अल्बमांच्या कॅसेटच मिळत. चार गाण्यांची, हिट नसलेली, अमेरिकेतही गाजावाजा न झालेली ईपी कुठला दुकानदार मागवणार?

मग गाणी माणसांबरोबर आली. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग जिथे भेटतात, त्या या गावात बाहेरची मुलं शिकायला येतात. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९पासूनचं, सावंगीचं १९९०चं, जोडीला अभियांत्रिकीची महाविद्यालयं. वसतिगृहात राहायला आलेला मुलगा गादी-बादलीबरोबर कॅसेटी आणायचा, आणि खोलीतल्या बाकीच्यांनी त्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायच्या. उतरवताना निवड होत असे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दोन गाणी निर्वाणाची, तीन पर्ल जॅमची, शेवटी जागा उरली तर ‘गॉट मी राँग’. पुढे सीडी जाळण्याचे दिवस आले, मग एमपीथ्रीचे, मग पेन ड्राइव्हचे. ‘ए’ या अक्षराच्या फोल्डरमध्ये बँडची सगळी गाणी अकारविल्हे लागलेली, त्यात ‘अ‍ॅम आय इनसाइड’ बरंच वर आणि ‘राइट टर्न’ खाली कुठेतरी. एका तबकडीतली गाणी शेजारी शेजारी उभी राहतील, याची शक्यताच संपली.

म्हणून आमच्याकडच्या श्रोत्याला विचारलं तर तो ‘ब्रदर’वर भरभरून बोलेल, ‘राइट टर्न’मध्ये कॉर्नेल कधी येतो ते सेकंदासकट सांगेल, पण ‘सॅप’वर त्याचं मत नसेल. तो मागे पडलेला नाही. उलट आज सगळं जग ज्या पद्धतीनं ऐकतं, फोनवर सुटं सुटं गाणं, ते आम्ही नाइलाजानं वीस वर्षं आधीच करत होतो.

आपल्या कानाची सवय

याला आपली स्वतःची परंपराही कारण आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. मराठी भावगीत याच मापात घडलं. पुढे ४५ फेऱ्यांच्या सात इंची ईपीवर चार गाणी मावू लागली, पण ती बहुधा आधी लोकप्रिय झालेली, निवडून एकत्र केलेली. चित्रपटातली, लावण्या, कोळीगीतं, आरत्या. त्या चारांत कोणतं आधी आणि कोणतं नंतर यात काही योजना असेल, असं ऐकणाऱ्याला कधी वाटलं नाही. शिवाय गाणं भेटायचं ते रेडिओवर. १९४८मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाल्यापासून विदर्भानं गाणं एकेक करूनच ऐकलं, निवेदकानं दिलेल्या क्रमानं. गाणं कुणी गायलं, कुणी बांधलं हे आपल्याला तोंडपाठ असतं. ते कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूला होतं हे संग्राहकच सांगतात.

याच जिल्ह्याशी जोडलेल्या माणसाची एक छोटी तबकडी इथे उपयोगी पडते. १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींचा आवाज कोलंबिया ग्रामोफोन कंपनीनं मुद्रित केला. सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते यायला अजून पाच वर्षं होती. सारं जग राजकारणावर ऐकायला टपलेलं असताना त्यांनी त्याला नकार दिला आणि ‘यंग इंडिया’तलं आपलं ईश्वरावरचं जुनं लेखन वाचून दाखवलं. सहा-एक मिनिटांची ती तबकडी. ज्यांना सत्याग्रही नेत्याची गर्जना हवी होती त्यांची निराशा झाली असणार, आणि ज्यांना माणूस हवा होता त्यांना तो मिळाला. मोठ्या प्रतिमेचा माणूस छोट्या तबकडीवर वेगळंच काही बोलला की ऐकणाऱ्यांचे असे दोन तट पडतात. ‘मॅन इन द बॉक्स’च्या अपेक्षेनं ‘सॅप’ लावणाऱ्याचं दुसरं काय झालं?

तर मग ‘सॅप’ केवढी?

सगळी मतं समोर ठेवून मी असं म्हणेन: गाण्यांच्या घडणीत ‘जार ऑफ फ्लाइज’ सरस, परिणामात ‘डर्ट’ सरस, पण बँडनं आपलं वळण घेतलं ते ‘सॅप’मध्ये. कंपनीनं आखलेल्या मेटलच्या रस्त्यावरून उतरून, ज्या गर्दीनं वस्तू फेकल्या तिच्याकडे पाठ करून, अनुभवी गायिकेला आणि शेजारच्या बँडांच्या मित्रांना बोलावून, मागे राहणाऱ्याला पुढे करून त्यांनी वीस मिनिटं वेगळं काही केलं. पहिल्यांदा फारसं न विकलेलं ते काम पुढे पाच लाख प्रतींचं गोल्ड मानांकन मिळवून गेलं. ‘उरलंसुरलं’ म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर नाही. मात्र ‘हेच त्यांचं सर्वश्रेष्ठ’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. दुर्लक्षित गोष्ट आपण शोधली, या आनंदाची भर ते गाण्यांच्या खात्यावर मांडतात. कमी लोकांनी ऐकलं हा गाण्याचा गुण नव्हे.

आणि ज्यांनी सुटी गाणी ऐकली आहेत त्यांना सांगणं एवढंच की पाचही गाणी छापलेल्या-न छापलेल्या क्रमानं एकदा ऐकावीत. ‘ब्रदर’मधला एक मुख्य आवाज, ‘गॉट मी राँग’मधले दोन, ‘राइट टर्न’मधले चार, मग ‘अ‍ॅम आय इनसाइड’मध्ये पुन्हा आत वळणं आणि शेवटी सगळं उधळून देणारी टवाळी. ही चढण आणि ही उतरण सुट्या गाण्यात सापडत नाही. ऐकून झाल्यावर मत आधीचंच राहिलं तरी हरकत नाही. निदान ते ‘अनप्लग्ड’बद्दलचं किंवा ‘क्लर्क्स’बद्दलचं नसेल, ‘सॅप’बद्दलचं असेल.

हे आज आपल्याकडेही लागू आहे. २०१०मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यापासून मुंबई-पुण्यातल्या नव्या बँडांना ऐकणारे वाढले आणि त्यातले कितीतरी पूर्ण अल्बमाचा खर्च झेपत नाही म्हणून चार-पाच गाण्यांची ईपी काढतात. त्यातलं एक गाणं कुठल्यातरी यादीत शिरतं आणि बाकीची अनाथ होतात. त्या बँडांवर ‘एकच गाणं बरं आहे’ असा शेरा मारण्याआधी उरलेली ऐकायला पंधरा मिनिटं पुरतात.